मिटलेली मूठ उघडणारे यंत्र हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्प प्रदर्शनांच्या बातम्यांत पक्षाघाताच्या रुग्णांसाठी तयार केलेला ‘रोबोटिक हातमोजा’ हमखास दिसतो. छायाचित्रात एखाद्या धडधाकट विद्यार्थ्याने तो हातात चढवलेला असतो. मोटर फिरते, बोटे मिटतात, चेंडू पकडला जातो. मुलांची कळकळ खरी असते आणि कष्टही खरे असतात. पण ज्यांच्यासाठी हे यंत्र आहे, त्यांच्यापैकी अनेकांचा हात आपोआपच मिटलेला असतो. त्यांची अडचण तो उघडण्याची आहे. सुरुवातीलाच ही गोष्ट निसटली, की पुढची सगळी रचना चुकीच्या दिशेने जाते. म्हणून हे पत्र.

पक्षाघातानंतर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे हात लुळा असतो. पुढे अनेकांच्या बाबतीत बोटे वाकवणारे स्नायू घट्ट होत जातात आणि बोटे सरळ करणारे स्नायू दुबळेच राहतात. मनगट खाली झुकते, अंगठा तळव्यात जातो आणि त्यावर चार बोटांची मूठ बसते. हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. बोट झटकन ओढले तर स्नायू उलट आवळतो, सावकाश ओढले तर बराचसा सैल येतो. काही महिने हात तसाच राहिला तर स्नायू आणि सांध्याभोवतीच्या ऊती प्रत्यक्षात आखूड होतात. असा हात सावकाश ओढूनही उघडत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या हाताला मोटर लावणे धोक्याचे आहे, तिथे आधी स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरणारा आधार) आणि डॉक्टरांचा सल्ला हवा. या दोन अवस्थांतला फरक ओळखणे हे थेरपिस्टचे काम. त्यामुळे पहिला आराखडा काढण्याआधीच थेरपिस्ट गटात असायला हवा. तयार मोज्यावर शेवटी अभिप्राय घेण्यापुरते त्याला बोलावून भागत नाही.

बोट उघडायला किती बल लागते, हे मोटर निवडण्याआधी मोजा. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा पुरतो. रुग्णाला खुर्चीत बसवून हात टेबलावर टेकवावा, मनगट सरळ धरावे. बोटाच्या शेवटच्या पेराभोवती २० मिमी रुंदीची मऊ पट्टी गुंडाळावी आणि काटा बोटाला काटकोनात ठेवून अगदी सावकाश ओढावा. बोट मुळाच्या सांध्यात ९०, ६० आणि ३० अंशांवर असताना आकडा टिपून घ्यावा. असे तीनदा करावे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आकडा बहुधा उतरतो, कारण ओढल्याने स्नायू सैल होतो. मोटर मात्र पहिल्या आकड्यावरून निवडायची, कारण मोज्याला रोज सकाळी गाठ पडते ती त्या पहिल्या, आखडलेल्या हाताशी.

समजा काट्यावर ५०० ग्रॅम आले, म्हणजे सुमारे ५ न्यूटन. पट्टी बोटाच्या मुळापासून ८ सेंमीवर असेल तर त्या सांध्यावर ०.४ न्यूटन-मीटर टॉर्क (सांधा फिरवणारा जोर) लागतो. मोज्यातली केबल बोटाच्या पाठीवरून जाते, सांध्याच्या आसापासून जेमतेम १२ मिमी अंतरावर. म्हणजे तेवढ्या टॉर्कसाठी केबलमध्ये ३३ न्यूटन ताण हवा. मोटर कमरेला किंवा दंडावर असेल तर केबल सायकलच्या ब्रेकसारखी आउटरमधून, म्हणजे बाहेरच्या नळीतून न्यावी लागते, आणि प्रत्येक वळणाला घर्षण ताण खाते. सगळी वळणे मिळून १८० अंश झाली आणि घर्षणांक ०.१५ असला तर बोटापर्यंत ६२ टक्केच ताण पोचतो. मोटरच्या टोकाला ५३ न्यूटन लागले. पूर्ण ३६० अंशांची वळणे घेतली तर पोचतो तो ३९ टक्के. आउटर लांब आणि मोठ्या गोलाईने न्यावा, टेफ्लॉनचे अस्तर असलेला घ्यावा, हे सायकल दुरुस्त करणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी मोज्यांच्या आराखड्यात तो सर्रास काटकोनात वळवलेला दिसतो.

आता केबल किती सरकायला हवी ते पाहू. मुळाचा सांधा ९० अंश, मधला १०० आणि टोकाचा ७० अंश वाकतो असे धरले, आणि केबलचे आसापासूनचे अंतर अनुक्रमे १२, ९ व ६ मिमी घेतले, तर १९, १६ आणि ७ मिमी मिळून ४२ मिमी होतात. ढिलाई धरून ४५. सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत वळणारी छोटी मोटर, अर्धा फेरा फिरते, म्हणून तिच्यावर १५ मिमी त्रिज्येची पुली लागते. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या एसजी-९० सर्व्होचा कमाल टॉर्क १.८ किलो-सेंमी, म्हणजे या पुलीवर जेमतेम १२ न्यूटन. निरोगी, सैल बोट ती सहज हलवते, म्हणून प्रदर्शनात सगळे ठीक दिसते. ताठर बोटापुढे ती गुरगुरते आणि तिचे प्लास्टिकचे दाते झिजतात. मग विद्यार्थी एमजी-९९६आर ही मोठी सर्व्हो घेतात. तिचे ९.४ किलो-सेंमी याच पुलीवर ६१ न्यूटन देतात. लागतात ५३, म्हणजे मोटर सतत तिच्या कमाल मर्यादेपाशी चालते आणि काही मिनिटांत तापते. शिवाय हीच मोटर एखाद्या सैल हातावर लावली तर बोटाला मुळापासून मागे मोडेपर्यंत ओढू शकते. एक मोटर अपुरी, दुसरी घातक, आणि दोन्ही वेळा कारण एकच: केबल सांध्याच्या फार जवळून जाते.

उपाय सोपा आहे. मुळाच्या सांध्यावर एक छोटा पूल बसवून केबल आसापासून २० मिमी वर उचलायची. ताण ३३ वरून २० न्यूटनवर येतो आणि मोटरच्या टोकाला ३२ पुरतात. केबलचा प्रवास ५४ मिमीपर्यंत वाढतो, तेवढी पुली मोठी करावी लागते. पूल बाहीत अडकतो, म्हणून त्याच्या कडा गोल हव्यात. एवढे करूनही रोज तासभर चालवायच्या यंत्रात छंदासाठीची सर्व्हो नको, एन्कोडर (किती फिरली ते मोजणारा भाग) असलेली गिअर मोटर घ्यावी. पोलादी केबल १ मिमीची असेल तर पुलीचा व्यास २० ते २५ मिमीपेक्षा कमी नसावा, नाहीतर तारा वाकून-वाकून एकेक तुटतात. मासेमारीची विणलेली दोरी वाकते छान, पण ती हळूहळू लांबते आणि गाठीत घसरते. दोन आठवड्यांनी बोट पूर्वीइतके उघडेनासे होते आणि घरच्यांना वाटते की रुग्णाचीच प्रकृती ढासळली. म्हणून केबलची शून्यस्थिती, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा, रोज नव्याने घेण्याची सोय ठेवावी.

ऑनलाइन मिळणारे हवेच्या दाबावर चालणारे मोजे आता बऱ्याच घरांत पोचले आहेत. त्यांत बोटांच्या पाठीवर रबरी भाते असतात. हवा भरली की भाता लांब होतो आणि बोट वाकते, हवा शोषली की भाता आकसतो आणि बोट उघडते. भरण्याचा दाब हवा तेवढा वाढवता येतो. शोषण मात्र वातावरणाच्या दाबापलीकडे, म्हणजे १०० किलोपास्कलच्या पुढे जाऊच शकत नाही. छोटे पंप ६० च्या आसपास थांबतात. १६ मिमी व्यासाच्या भात्याचे क्षेत्रफळ २ चौ. सेंमी, म्हणून ओढ १२ न्यूटन. १२ मिमी अंतरावरून तिचा टॉर्क होतो ०.१४. वरच्या उदाहरणातल्या रुग्णाला ०.४ हवा आहे. हे मोजे मिटण्यात जोरदार आणि उघडण्यात दुबळे असतात, रुग्णाच्या गरजेच्या बरोबर उलट. ज्यांचा हात सैल आहे त्यांना त्यांचा उपयोग होतो. घट्ट मूठ असलेल्यांनी त्यावर पैसे घालण्याआधी थेरपिस्टला हात दाखवावा.

केबल नेमकी कुठे बांधायची, यातही बरेच काही बिघडते. फक्त बोटाच्या टोकाला बांधून मागे ओढली तर जो सांधा सर्वांत कमी विरोध करतो तो आधी हलतो. बहुधा मुळाचा सांधा मागे झुकतो आणि मधले पेर वाकलेलेच राहते. बोट हुकासारखे वाकडे होते. या स्थितीत हजार वेळा ओढले तर मुळाच्या सांध्याच्या पुढच्या बाजूचे बंध सैल पडतात आणि असलेली पकडही जाते. मुळाचा सांधा शून्य अंशापलीकडे जाऊ नये म्हणून कापडी पट्टीचा किंवा कडक अडसर हवाच, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये नको, हातावर हवा.

आउटरचे टोक पंजाच्या पाठीवरच्या प्लेटवर टेकवावे. ते मनगटाच्या मागे, कोपराकडच्या बाजूला बांधले तर केबल मनगटावरून जाते, बोटांऐवजी मनगट वर उचलले जाते, आणि मनगट वर गेले की बोटे आणखी मिटतात. प्लेटवर मात्र चार केबलींची मिळून १३० न्यूटनची प्रतिक्रिया येते आणि ती बोटांच्या दिशेने पुढे सरकू पाहते. नुसत्या तळव्यावरच्या वेल्क्रो पट्टीने ती थांबत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून दुसरी पट्टी घ्यावी लागते. प्लेट १० मिमी सरकली तर ४५ पैकी १० गेले, आणि नेमके शेवटचे, पूर्ण उघडण्याचे अंतर जाते.

अंगठ्याबद्दल एकच सांगतो. त्याला मोटर नसली तरी चालेल, पण तो तळव्यातून बाहेर काढून इतर बोटांसमोर धरलाच पाहिजे. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिक पत्र्याचा आधार हे काम उत्तम करतो. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीत ठेवलेला आधार संध्याकाळी वाकडा झालेला सापडेल.

आता घालण्याविषयी. पाच बंद बोटे असलेला मोजा मिटलेल्या हातावर चढत नाही, हे कोणत्याही आईला बाळाच्या हातमोज्यावरून कळेल. रचना पाठीकडून ठेवायची आणि पट्ट्यांनी बांधायची, तळवा मोकळा हवा. क्रमही ठरलेला असावा. आधी मनगट हलकेच खाली झुकवायचे, त्याने बोटे वाकवणारे स्नायू सैल पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर काढायचा, टोकाला धरून ओढायचा नाही. त्यानंतर प्लेट, मग करंगळीकडून एकेक बोट. सगळे बांधून झाल्यावर मनगट सावकाश सरळ आणि मग २०-३० अंश वर, आधाराच्या स्प्लिंटमध्ये. घरातल्या एका माणसाला हे ५ मिनिटांत जमले पाहिजे. २० मिनिटे लागत असतील तर पहिल्या आठवड्यानंतर मोजा कपाटात जातो, मग त्यातली मोटर कितीही चांगली असो. आमच्या मते परीक्षकांनी प्रकल्पाला गुण देताना सर्वांत आधी घड्याळ लावून हेच पाहावे.

वेगाचा मुद्दा वर आलाच. पूर्ण मूठ उघडायला ८ ते १० सेकंद द्यावेत. ताण अचानक वाढला तर मोटरने जोर वाढवू नये. थांबावे, ५ अंश मागे यावे, काही सेकंद वाट पाहावी आणि मग पुन्हा निघावे. हा ताण मोटरच्या विद्युतप्रवाहावरून ओळखू नका, कारण त्यात आउटरचे घर्षणही मिसळते. ताणमापक बोटाच्या बाजूला बसवा.

वीज गेली तर काय होते, हे प्रत्येक गटाने दाखवायला हवे. स्क्रूवर सरकणारे अ‍ॅक्चुएटर (मोटरने पुढे-मागे सरकणारे दांडे) स्वस्त आणि ताकदवान असतात, पण बाहेरून ढकलून मागे जात नाहीत. वीज गेल्यावर हात आहे त्या स्थितीत अडकतो. केबलच्या मध्ये ठरावीक ताणाला सुटणारी चुंबकी जोडणी किंवा निरोगी हाताने एका झटक्यात निघणारी कडी हवी. ती रुग्णाच्या चांगल्या हाताला पोचेल अशा जागी हवी. लाल बटण लॅपटॉपच्या पडद्यावर असून उपयोग नाही. यंत्र बॅटरीवरच चालावे आणि हातात असताना चार्ज होऊ नये. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकात ‘बीएफ’ म्हटलेल्या, शरीराला जोडल्या जाणाऱ्या प्रकारच्या भागांसाठी सामान्य स्थितीत विद्युतगळतीची मर्यादा १०० मायक्रोअँपिअर आहे, आणि मोबाइलच्या साध्या चार्जरकडून तिची हमी मिळत नाही.

पक्षाघातात अनेकांची हाताची संवेदनाही कमी होते. पट्टी रुतते आहे हे त्यांना कळत नाही. बोटाच्या टोकाशी १० न्यूटन बल ३ चौ. सेंमी पट्टीवर आले तर दाब सुमारे ३३ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे २५० मिमी होतो. त्वचेतल्या केशवाहिन्या बंद पडायला ३२ मिमीच्या आसपासचा दाब पुरेसा मानतात. म्हणून प्रत्येक उघडझापीनंतर ताण पूर्ण सोडायचा, सतत ओढून ठेवायचे नाही. मोजा काढल्यावर १५-२० मिनिटांत लाली गेली नाही तर पट्टी बदलायची. मिटलेल्या तळव्यात घाम साचतो, कातडी ओली पडते, नखे रुततात. आतले अस्तर धुता आले पाहिजे, आणि रुग्णालयात प्रत्येक रुग्णाला वेगळे असले पाहिजे.

यंत्र हात हलवते म्हणून मेंदू शिकतोच असे नाही. सगळे काम मोटर करत असेल तर रुग्णाचा प्रयत्न नकळत ओसरतो. म्हणून आधी रुग्णाने प्रयत्न करायचा, मोटरने ३ सेकंद थांबायचे आणि उरलेल्या हालचालीपुरतीच मदत द्यायची. जमले तर पुढच्या वेळी मदत थोडी कमी करायची, जमले नाही तर थोडी वाढवायची. प्रयत्न ओळखण्यासाठी कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूच्या स्नायूंचे विद्युतसंकेत घेता येतात. विश्रांतीतली सरासरी अधिक प्रमाण विचलनाच्या तिप्पट, ही उंबरठ्याची, म्हणजे संकेत किती वाढला की प्रयत्न मानायचा त्या पातळीची, साधी सुरुवात आहे. विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा गोंगाट गाळावा लागतो. ताठर हातात उघडण्याचा प्रयत्न करताच मिटणारे स्नायूही चेततात, तेव्हा इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना लावून फरक पाहावा. उंबरठा फार वर ठेवला तर माणूस जीव तोडून प्रयत्न करतो आणि यंत्र ढिम्म राहते. हातपाय गाळून टाकणारा अनुभव असतो तो.

यंत्रांकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही बोलले पाहिजे. ब्रिटनमधील रॅटुल्स या चाचणीत ७७० रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. १२ आठवडे, आठवड्याला तीनदा, ४५ मिनिटे रोबोटवर व्यायाम करूनही हाताने कामे करण्याच्या चाचणीत ते रुग्ण नेहमीच्या उपचारांच्या रुग्णांपेक्षा सरस ठरले नाहीत. दुसरीकडे, उत्तर अमेरिकेतल्या २००९ च्या एका निरीक्षणात थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या होत्या. यंत्राचे बलस्थान इथे आहे. ते न थकता ३०० वेळा मूठ उघडून देते. पण त्या ३०० वेळांत हातात तांब्या, डब्याचे झाकण, शर्टाचे बटण यायला हवे, नुसती हवा नको. म्हणून तळवा मोकळा ठेवण्याचा आग्रह पुन्हा करतो. नेदरलँड्समधील २०१० च्या अभ्यासानुसार पक्षाघातानंतर ७२ तासांत ज्यांना बोटे थोडी सरळ करता आणि खांदा थोडा बाजूला उचलता आला, त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतले होते. दोन्ही न जमलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. दोघांना एकच मोजा देऊन एकच आश्वासन देणे बरोबर नाही.

थोड्या मोटरींत चांगले काम होते याचा आपल्या देशातला दाखला म्हणजे वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेले ‘प्लूटो’. त्यात एकच मोटर आहे. हाताने धरायची हँडले बदलून तीच मनगट वर-खाली आणि बाजूला हलवते, हात उताणा-पालथा करते आणि पंजा उघडमीट करते. टेबलावर ठेवायचे असल्याने हातावर वजन येत नाही. पाच बोटांना पाच मोटरी लावण्याआधी विद्यार्थ्यांनी हे यंत्र अभ्यासावे.

आमची सूचना साधी आहे. विभागप्रमुखांनी अशा प्रकल्पांना मान्यता देताना पहिल्या सत्रात मोटर विकत घेऊ देऊ नये. त्याऐवजी फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी महाविद्यालयाशी जोडून द्यावे, तिथल्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची संमती घेऊन ताणकाट्याने निदान दहा हातांची मोजमापे घ्यायला लावावीत. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे आणि राज्यात अनेक ठिकाणी थेरपीची महाविद्यालये आहेत. यंत्र विकायचे ठरले तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात आणि पुनर्वसनाच्या रोबोटसाठी आयईसी ८०६०१-२-७८ हे मानक आहे. त्यातली धोक्यांची यादी पहिल्याच दिवशी वाचली तर नंतरची मोडतोड वाचते.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. अशा मोज्याची बातमी करताना विद्यार्थ्याला मूठ घट्ट आवळायला सांगा, मोटर बंद असताना दुसऱ्या माणसाने मोजा त्याच्या हातावर चढवावा, मग मोज्याने ती मूठ उघडावी, आणि मध्येच वीजजोडणी काढून हात सुटतो का ते पाहा. छायाचित्र त्यानंतर घ्या.

आपले,
एक पुनर्वसन अभियंता व एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे